स्टॅनली कप २०२५ : कोण कोणासमोर, कोण बेंचवर आणि कॉमेंट्री कोणाची

बर्फातला_वऱ्हाडी | २६ एप्रिल

आयपीएलच्या धाग्यांच्या गर्दीत हा एक बर्फावरचा, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगच्या स्टॅनली कपचा. इथं आइस हॉकी बघणारी मोजकी का होईना मंडळी आहेत, हे मागच्या वर्षीच्या फायनलला कळलं होतं. त्यांच्यासाठी हा धागा. बाकीच्यांनीही बसावं, चहा आपला आपण आणावा.

आम्ही एडमंटनवाले, म्हणजे ऑयलर्स. पहिल्या फेरीत समोर पुन्हा लॉस एंजेलिस किंग्ज. २०२२, २०२३, २०२४ आणि आता २०२५. सलग चौथं वर्ष! याला नशीब कारण नाही, वेळापत्रकाची रचना कारण आहे. २०१४ पासून प्लेऑफ विभागवार खेळवतात. प्रत्येक विभागातले पहिले तीन आणि वर वाइल्डकार्डवाले (उरलेल्यांतून गुणांवर आलेले), असे १६ संघ. त्यात विभागातल्या दुसऱ्या-तिसऱ्याची गाठ पहिल्याच फेरीत पक्की. एखाद्या विभागात दोन तगडे संघ असले की त्यातला एक एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला घरी. यंदा डॅलस (१०६ गुण) आणि कोलोरॅडो (१०२ गुण) यांच्यातला एकजण असाच जाणार. त्याआधीची पहिला विरुद्ध आठवा ही साधी पद्धत काय वाईट होती?

पण धागा त्यासाठी काढलेला नाही. काल आपण ७-४ जिंकलो (मालिका अजून १-२ आहे). आज सगळीकडे चर्चा एकच, गोली (गोलरक्षक) बदलला म्हणून जिंकलो. पहिल्या दोन सामन्यांत १२ गोल खाल्ल्यावर स्किनरला बसवून पिकार्डला आणलं हे खरं. पण पिकार्डनं पण चार खाल्लेच की. माझ्या मते फरक पडला तो सामना एडमंटनला आला म्हणून, आणि घरच्या मैदानाचा खरा फायदा आरडाओरड्याचा नसतो. तो असतो 'लास्ट चेंज'चा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सामन्याला १८ खेळाडू आणि २ गोली सज्ज असतात. त्यातले १२ फॉरवर्ड, म्हणजे तिघातिघांच्या चार लाइन. डिफेन्सच्या तीन जोड्या. एक माणूस बर्फावर सलग जेमतेम पाऊण मिनिट, की पुढची लाइन आत. खेळ थांबला की फेसऑफच्या (पंच पक, म्हणजे खेळायची चकती, टाकून खेळ पुन्हा सुरू करतो त्याच्या) आधी पाहुण्यांनी आपली माणसं उतरवायची, ती बघून मग यजमानांनी. मेंढीकोटात शेवटचं पान टाकणाऱ्याचा जो फायदा, तोच इथं. आपला हुकमी एक्का मॅकडेव्हिड, त्याची लाइन उतरली की लॉस एंजेलिसमध्ये किंग्जचा कोच बचावात पक्क्या डॅनोला समोर पाठवू शकत होता. एडमंटनमध्ये हा हक्क आपला. मॅकडेव्हिडला त्यांच्या तिसऱ्या जोडीसमोर सोडायचं की नाही, हे आता आपला कोच नॉब्लॉक ठरवणार. साखळीत किंग्जनी घरच्या ४१ पैकी ३१ सामने जिंकलेत. उगीच नाही.

आता मुद्द्याची तक्रार. ही सगळी लढाई चालते तेव्हा टीव्ही आपल्याला काय दाखवतो? फेसऑफच्या आधीची ती मोलाची वीस सेकंदं मागच्या शॉटच्या रिप्लेत जातात, नाहीतर प्रेक्षकांत बसलेल्या कुणा प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्यावर. उरलेला वेळ बेटिंगच्या जाहिराती. कॅमेरा पकच्या मागे, कॉमेंटेटर पकच्या मागे. कोण उतरलं, कोणाला घाईनं परत बोलावलं, कोण शिफ्ट (बर्फावरची पाळी) संपूनही अडकून पडला, यातलं एक अक्षर नाही. मग सामना संपल्यावर स्टुडिओत 'जिद्द', 'भूक', 'हृदय' यावर पंधरा मिनिटं.

कालच्याच सामन्यात बघा. आपल्या केननं ४-४ केले (हा अख्खी साखळी बाहेर बसून थेट दुसऱ्या सामन्यात उतरलेला गडी). किंग्जनी तो गोल रद्द व्हावा म्हणून चॅलेंज घेतलं, ते हरले, त्याची पेनल्टी बसली आणि आपल्या बूशारनं दहा सेकंदांत पॉवर प्लेवर (समोर एक माणूस कमी असताना) गोल मारला. चर्चा झाली ती गोलची आणि पंचांची. कोचनं नको तिथं जुगार खेळला, यावर किती वेळ बोलले? मोजून बघा.

तर बोला. मॅचअप, लाइनअप, कॉमेंट्री, काहीही चालेल. फक्त 'हे क्रिकेटपेक्षा भारी का' हा वाद नको, त्याचे तीन धागे आधीच आहेत.

लीफ्सग्रस्त | २६ एप्रिल

ब्रॅम्प्टनहून हजेरी. आमची, म्हणजे टोरांटो लीफ्सची, ऑटावाशी २००४ नंतरची पहिली गाठ, आणि आम्ही पुढे आहोत. एवढंच लिहितो. शेवटचा कप जिंकला त्या १९६७ पासून जास्त बोलल्याचे परिणाम माहीत आहेत.

पहाटगजर | २७ एप्रिल

पुण्यातून वाचतोय. पूर्वेकडचे सामने आमच्याकडे पहाटे साडेचार-साडेपाचला, तुमचे किंग्जवाले सकाळी साडेसातला, म्हणजे मुलांचे डबे आणि ऑफिसची तयारी यांच्या मधोमध. बहुतेक वेळा हायलाइट्सवरच भागवतो. त्यामुळे तुमचा मुद्दा फार पटला. दहा मिनिटांच्या हायलाइट्समध्ये तर नुसते गोल. सामना का फिरला ते कळायला मार्गच नाही.

एक शंका. खेळ चालू असतानाही लाइन बदलतात ना? मग लास्ट चेंजचा फायदा पहिल्या पाऊण मिनिटापुरताच नाही का?

खडकी_एक्सप्रेस | २७ एप्रिल

मी मैदानी हॉकीवाला. वयानं मोठा आहे, त्यामुळे मधेच बोललो तरी चालवून घ्या. खडकीत ज्या मैदानांवर धनराज पिल्ले घडला, तिथंच आम्हीही काठ्या आपटल्या (त्यानं देश गाजवला, आम्ही गुडघे फोडले). आमच्याकडेही हवे तितके बदल, हवे तेव्हा. पण आमची माणसं पाऊण मिनिटात बदलत नाहीत. आणि आमचा मैदानाचा आकार असा, की एका माणसाला दुसऱ्याच्या अंगावर सोडायचं तर ते बेंचवरून नाही, मैदानातूनच होतं. इथं बेंचचा दरवाजा हाच डावपेच दिसतोय. रंजक आहे. तीन पिरियडांपैकी दुसऱ्यात सारखे गोंधळ का उडतात, ते कोणी सांगेल का? मी पाहिलेल्या दोन-तीन सामन्यांत ते जाणवलं.

बर्फातला_वऱ्हाडी | २७ एप्रिल

@पहाटगजर, बरोबर, खेळ चालू असताना उडत्या बदलांत पाहुणा कोच आपली माणसं सोडवू शकतो. पण त्यासाठी पक आधी पलीकडे ढकलावा लागतो, म्हणजे हल्ला सोडून द्यावा लागतो. मॅकडेव्हिडला नको त्या माणसासमोरून काढायला तुम्ही त्याचीच निम्मी शिफ्ट वाया घालवता.

@खडकीकाका, नमस्कार. चांगलं हेरलंत. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, त्यामुळे आपला बेंच आपल्या गोलपासून लांब पडतो. याला लाँग चेंज म्हणतात. बचावात अडकलेल्यांना तिथून बेंच गाठता येत नाही, पाय जड होतात, आणि गोल बसतो. त्यात आइसिंग केलं, म्हणजे जीव वाचवायला पक मधल्या रेषेच्या अलीकडून थेट पार टोकाला मारला, तर माणसं बदलायची मनाईच. दमलेले पाचजण तिथंच उभे, आणि समोर ताजी लाइन येते. हा सगळ्यात थरारक क्षण, आणि नेमका तेव्हाच रिप्ले लागतो!

कॅलगरीकरीण | २८ एप्रिल

कालचा सामना पाहिलात का सगळ्यांनी? किंग्ज तिसऱ्या पिरियडमध्ये ३-१ पुढे. त्यांच्या कोचनं बेंच आखडला, तीच तीच माणसं फिरवत बसला. शेवटी त्यांच्या पायात गोळे. २९ सेकंद उरले असताना बूशारची बरोबरी, ओव्हरटाइममध्ये ऑयलर्सच्याच ड्रायसाइटलचा गोल. मालिका २-२.

मी कॅलगरी फ्लेम्सवाली आहे, त्यामुळे ऑयलर्सचं कौतुक माझ्याकडून एवढंच मिळेल. (आमचे वाइल्डकार्डही हुकले, ते मीठ कृपया चोळू नका.) पण कॉमेंट्रीवर उपाय सांगते. टीव्ही म्यूट करा आणि रेडिओ लावा. रेडिओवाल्याला नावं घ्यावीच लागतात, कारण ऐकणाऱ्याला काही दिसत नसतं. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, डावीकडे की उजवीकडे, सगळं तोंडी. ऑयलर्सच्या रेडिओवर यंदा कॅम मून आहे, ऐका एकदा. अडचण एवढीच, की टीव्ही आणि रेडिओ यांची वेळ जुळत नाही. गोल आधी कानात आणि मग डोळ्यांत. आमच्या घरी यावरून रोज भांडण.

चष्मेबहाद्दर | २८ एप्रिल

कॉमेंट्रीचा विषय निघालाच आहे तर 'हॉकी नाइट पंजाबी'चं (पंजाबी कॉमेंट्रीच्या कार्यक्रमाचं) नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? २००८ पासून चालू आहे. २०१६ च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात पिट्सबर्गच्या निक बोनिनोनं गोल मारला, तेव्हा हरनारायण सिंगनं त्याचं आडनाव एका श्वासात इतक्या वेळा घेतलं की अख्ख्या अमेरिकेनं ते ऐकलं. पुढे पिट्सबर्गनं कप जिंकल्यावर जल्लोषाला या पंजाबी टीमला बोलावून घेतलं. अल्बर्टातल्या ब्रूक्स गावचा मुलगा. त्याच वर्षी त्यानं एनएचएलच्या सामन्याच्या इंग्रजी प्रक्षेपणातही काम केलं, आणि आज स्पोर्ट्सनेट या कॅनडाच्या चॅनेलवर त्याचा आवाज नेहमीचा झालाय.

आता आपल्याकडे कबड्डी मराठीत होते, २०२३ मध्ये आयपीएलही मराठीत ऐकली. मराठी हॉकी कधी?

लीफ्सग्रस्त | २८ एप्रिल

मराठी कॉमेंट्री झाली तर दोन कॉमेंटेटर्सपैकी एकजण पहिल्याच पिरियडमध्ये दुसऱ्याच्या मताशी असहमती दर्शवून वेगळा चॅनेल काढेल.

बर्फातला_वऱ्हाडी | २८ एप्रिल

:) चॅनेल परवडायला हवा. या महिन्यातच रॉजर्स कंपनीनं कॅनडातले प्रक्षेपणाचे हक्क पुढच्या १२ वर्षांसाठी ११ अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतले. आधीचा करार होता ५.२ अब्जांचा. दुपटीहून जास्त. हे पैसे वसूल कुठून होणार ते सांगायला नको. ती फेसऑफच्या आधीची वीस सेकंदं आता कायमची गेली समजा.

अमेरिकन प्रक्षेपणाबद्दल दोन शब्द. यंदा फायनल टीएनटी चॅनेलवर (सम वर्षी एबीसी, विषम वर्षी टीएनटी असं वाटप आहे). त्यांचा स्टुडिओ मला आवडतो. ग्रेट्झकी आणि लुंडक्विस्टसारखे जुने दिग्गज खेळाडू आहेत, बिसोनेट धमाल करतो. पण धमालच. कॉमेंट्रीत एडी ओल्झिक मात्र अधूनमधून नेमकं बेंचचं बोलतो. आमच्या कॅनडातल्या कॉमेंटेटर कथबर्टचा आवाज फार भारदस्त, मोठ्या गोलला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण तो गोलसाठीच जन्मलेला माणूस आहे.

पहाटगजर | ४ मे

डॅलस-कोलोरॅडो सातवा सामना! अजून अंगावर काटा आहे. मिको रँटनन, दहा वर्षं कोलोरॅडोचा माणूस. जानेवारीत त्यांनी त्याला कॅरोलायनाला दिला, मार्चमध्ये तिथून डॅलस. आणि काल डॅलस तिसऱ्या पिरियडमध्ये ०-२ मागे असताना यानं जुन्या संघाविरुद्ध हॅटट्रिक मारली. ४-२. तेही डॅलसचे रॉबर्टसन आणि हेस्कानन दोघं जायबंदी असताना. लाइनअप कागदावर बघून कोणी डॅलसवर रुपयाही लावला नसता.

कॅलगरीकरीण | ५ मे

आणि विनिपेगचा सातवा सामना? १.६ सेकंद उरले असताना बरोबरी, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये लाउरीचा गोल. मॉरिसी मधेच जखमी, शायफली नव्हताच. रविवारची रात्र गेली, सोमवारी ऑफिसात कोणी कामाचं बोललं नाही.

लीफ्सग्रस्त | १९ मे

बोला. या. हसा.

दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाविरुद्ध २-० पुढे होतो. मग तिसरा त्यांच्या मार्शांडनं ओव्हरटाइममध्ये घेतला, चौथ्यात शून्य, पाचवा घरी १-६. सहावा तिकडे जाऊन जिंकलो, वाटलं यंदा वेगळं आहे. सातवा परत घरी, परत १-६. लोकांनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या. मार्शांडनं टोरांटोला सातव्या सामन्यात हरवण्याची ही पाचवी वेळ. २०१३, २०१८, २०१९, २०२४ बॉस्टनकडून, आणि आता फ्लोरिडाकडून. शहर सोडलं तरी छळ चालूच.

आणि वऱ्हाडीभाऊ, तुमच्या लास्ट चेंजचं काय झालं? घरच्या दोन सामन्यांत तो आमच्याकडे होता. २-१२ असा एकूण हिशोब.

बर्फातला_वऱ्हाडी | २० मे

हसणार नाही. तुमचा गोली स्टोलार्झ पहिल्याच सामन्यात फ्लोरिडाच्या बेनेटच्या कोपरामुळे जखमी होऊन गेला, तिथून ती मालिका वेगळी झाली, एवढं नक्की.

लास्ट चेंज हा हक्क आहे, पण वापरायला समोर कमकुवत लाइन असावी लागते ना? तुमच्या मॅथ्यूजला तुम्ही त्यांच्या बार्कोव्हपासून सोडवलंत, ठीक. मग तो कोणासमोर जाणार? बेनेट-टकाचकच्या लाइनसमोर. तिथूनही सोडवला तर लुंडेल, लुओस्तारिनेन, मार्शांड. ही त्यांची *तिसरी* लाइन आहे! सोडवून नेणार कुठे? पाहुणे म्हणून खेळताना फ्लोरिडा निवांत असते ती याचसाठी. त्यांना कोणाला लपवायचंच नसतं.

खडकी_एक्सप्रेस | २० मे

आता समजलं. म्हणजे दरवाजाचा डावपेच ज्याला गरज आहे त्याचा.

बर्फातला_वऱ्हाडी | ३० मे

डॅलसला ४-१ काढलं, पुन्हा फायनल, पुन्हा फ्लोरिडा. मागच्या वर्षीचा तो सातवा सामना, १-२, रोज आठवतो. ०-३ वरून ३-३ आणलं होतं.

यंदा फरक हा की पहिले दोन सामने आणि लागला तर सातवा आपल्या घरी. एकोल्म परत आला ही मोठी गोष्ट. हायमन मात्र मनगटामुळे बाहेर, आणि याची भरपाई कोणाकडून होणार ते मला दिसत नाही. गोलसमोर उभं राहून मार खाणारा दुसरा माणूस आपल्याकडे नाही. मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल एकत्र की वेगळे? माझं मत वेगळे, दोन लाइनवर. एकत्र ठेवले की बार्कोव्ह एकटा दोघांना पुरतो. सेल्की ट्रॉफी (सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डची) मिळवलेला माणूस आहे तो.

चष्मेबहाद्दर | १३ जून

फायनलच्या चौथ्या सामन्यात ०-३ वरून ५-४! तेही फ्लोरिडात! पहिल्या पिरियडनंतर स्किनर बाहेर, पिकार्ड आत. शेवटच्या २० सेकंदांत फ्लोरिडाच्या राइनहार्टनं बरोबरी केली तेव्हा मी टीव्ही बंद करणार होतो. ड्रायसाइटलचा या प्लेऑफमधला चौथा ओव्हरटाइम गोल, विक्रम. २-२.

पहाटगजर | १३ जून

आमच्याकडे सकाळी साडेपाचला सुरू होऊन नऊच्या पुढे गेला. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बघितला. कोणाला सांगू नका.

कॅलगरीकरीण | १५ जून

पाचवा २-५. घरी. मार्शांडचे आणखी दोन. मॅकडेव्हिडचा या फायनलमधला पहिला गोल आला, तोवर उशीर झाला होता. नॉब्लॉक प्रत्येक पिरियडला लाइन बदलतोय. कोण कोणासोबत खेळतंय ते मलाच काय, खेळाडूंनाही कळत नसावं.

बर्फातला_वऱ्हाडी | १८ जून

संपलं. सहावा १-५, कप फ्लोरिडाला. राइनहार्टचे चार गोल, त्यातले दोन रिकाम्या जाळीत. पुन्हा स्किनरला आणलं होतं, पण गोली हा मुद्दा नव्हता, हे मी एप्रिलपासून म्हणतोय.

अख्ख्या फायनलमध्ये मॅकडेव्हिडचा एक गोल. काल रात्री स्टुडिओत 'तो झाकोळला गेला' असं ऐकलं. अरे, कोणी झाकोळलं ते सांगा की! घरी बार्कोव्हसमोरून काढला तर लुंडेलची लाइन, आणि मागे फोर्सलिंग-एकब्लाड नाहीतर मिकोला-जोन्स. त्याच्या एका शिफ्टलाही मोकळा श्वास नव्हता. कॉन स्मायथ (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) बेनेटला, १५ गोल, योग्यच. पण माझ्या हातात असतं तर त्या तिसऱ्या लाइनला तिघांत मिळून दिली असती. तिसऱ्या लाइनवरच्या मार्शांडचे फायनलमध्ये सहा गोल! आमची तिसरी लाइन कोणती होती, हे मला सहाही सामने बघून सांगता येणार नाही.

टकाचकचा स्नायू हाडापासून सुटलेला होता म्हणे, आणि हर्नियाही. हे कप जिंकल्यावर कळलं. तोवर नेहमीचंच 'कमरेखालची दुखापत'. लाइनअपवर तासन्‌तास बोलणाऱ्या एकाही चॅनेलला त्याचा पत्ता नव्हता, की बोलायचं नव्हतं, देव जाणे.

लीफ्सग्रस्त | १८ जून

या प्लेऑफमध्ये फ्लोरिडानं बाहेरच्या मैदानांवर १० सामने जिंकले. विक्रमाशी बरोबरी. लास्ट चेंज पाहुण्यांचाच असतो, असं आता जाहीर करून टाका.

बर्फातला_वऱ्हाडी | १८ जून

तीन सारख्या लाइन घेऊन या, मग मी रेफरीलाही लास्ट चेंज देतो.

खडकी_एक्सप्रेस | १९ जून

ते प्रेक्षक बर्फावर प्लास्टिकचे उंदीर का फेकत होते?

चष्मेबहाद्दर | १९ जून

काका, १९९५ मध्ये फ्लोरिडाच्या मेलनबीनं ड्रेसिंगरूममध्ये शिरलेला उंदीर काठीनं मारला आणि त्याच रात्री दोन गोल केले. तेव्हापासूनची प्रथा. एका मोसमात इतके उंदीर पडले की लीगला नियम करावा लागला.

कॅलगरीकरीण | २ जुलै

धागा वर काढते. काल खेळाडूंचा बाजार उघडला. मार्नर टोरांटो सोडून व्हेगास. (लीफ्सग्रस्त, पाणी प्या.) बेनेट, एकब्लाड, मार्शांड, तिघंही फ्लोरिडातच, त्यामुळे वऱ्हाडीभाऊंच्या लाडक्या तिसऱ्या लाइनला धक्का नाही. आणि पुढच्या मोसमापासून प्लेऑफमध्येही संघाला पगारमर्यादा लागू. महागड्या खेळाडूला जखमींच्या यादीत बसवून ठेवायचं आणि पहिल्या सामन्याला थाटात उतरवायचं, हा खेळ बंद.

शिवाय कोरी पेरी ऑयलर्स सोडून किंग्जकडे.

पहाटगजर | २ जुलै

पेरी म्हणजे तोच ना? २०२० डॅलस, २०२१ माँट्रियल, २०२२ टँपा, मग २०२४ आणि २०२५ एडमंटन. सहा वर्षांत पाच फायनल, पाचही हरला. म्हणजे पुढच्या वर्षी किंग्ज फायनलमध्ये पोचणार आणि हरणार, ठरलं.

बर्फातला_वऱ्हाडी | २ जुलै

त्याआधी त्यांना पहिल्या फेरीत आपल्याला हरवावं लागेल. एप्रिलमध्ये भेटू.